जवाईबापू रुसले, म्हणजे नेमकं कोण रुसलं?

जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं गेलं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. म्हणजे तासाला सातशे मीटरहून जास्त रस्ता. याच रस्त्याच्या दोन्ही टोकांना लग्नसराईत काय चालतं, याची नोंद मात्र कोणत्याही बुकात नाही. जानोशापासून मंगल कार्यालयापर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर कापायला नवरदेवाची वरात तीन तास घेते. हिशोब केला तर तयार रस्त्यावरून चालणारी माणसं रस्ता तयार करणाऱ्यांपेक्षा चौपट हळू चालतात. पत्रिकेवर मुहूर्त असतो सायंकाळी ६ वाजून ४१ मिनिटांचा. साडेसहा नाही, पावणेसात नाही, एक्केचाळीस. त्या एक्केचाळिसाव्या मिनिटाला नवरदेव पेट्रोल पंपासमोर घोड्यावर असतो, बँडवाले एकच गाणं चौथ्यांदा वाजवत असतात आणि मांडवातल्या पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजून शिजायच्या बेतात आलेल्या असतात. अखेर आठ वाजता वरात दारात येते, मंगलाष्टकं होतात, पंगत बसते, आणि आता सुटलो असं वाटत असतानाच मांडवाच्या एका कोपऱ्यात कुजबूज सुरू होते. "काहून थांबलं गा सारं?" "थोरले जवाई रुसले." "काहून?" "ते कोन सांगनार? टोपी-दुपट्टा द्याले उशीर झाला म्हनतेत."

आता हा जावई रुसला, म्हणजे नेमकं कोण रुसलं, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. पण व्यक्ती आणि समाज यांच्यावर गेली सव्वाशे वर्षं जी जाडजूड पुस्तकं लिहिली गेली, ती सगळी फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात. प्रस्तुत लेखकाचं म्हणणं इतकंच की माणूस रुसतच नाही. खुर्ची रुसते, आणि माणूस त्या वेळेपुरता तिच्यावर बसलेला असतो. राल्फ लिंटन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९३६ साली दर्जा आणि भूमिका यांची जोडी जुळवून दिली. दर्जा म्हणजे समाजातली जागा, आणि त्या जागेचे हक्क-कर्तव्यं वापरायला काढली की झाली भूमिका. जन्माने मिळतो तो अर्पित दर्जा, मेहनतीने मिळवावा लागतो तो अर्जित. अमरावती विद्यापीठात बी. ए. करणारी पोरं हे परीक्षेपुरतं पाठ करतात आणि पेपर सुटला की विसरतात. खरं तर त्यांनी प्रात्यक्षिकासाठी कुठल्याही मे महिन्यात, कुठल्याही मंगल कार्यालयात जाऊन बसावं. जावईपण अर्पित की अर्जित, या एका प्रश्नावर त्यांचं डोकं गरगरेल. मिळतं एका संध्याकाळी, फारशी पात्रता लागत नाही, आणि एकदा मिळालं की साठाव्या वर्षीही टोपी-दुपट्ट्याला उशीर झालेला चालत नाही. शिवाय या दर्जाला पंचांगाचाही पाठिंबा आहे. अधिक महिना आला की जावयाच्या वाट्याला ३३ अनारसे येतात. सूर्य आणि चंद्र यांच्या हिशोबातली तूट सासऱ्याने भरून काढावी, अशी व्यवस्था बहुधा एखाद्या जावयानेच लावली असावी.

रुसणं हा राग नव्हे, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. राग कसाही येतो, कुठेही येतो. रुसव्याला नियम आहेत, आणि ते न शिकवता सगळ्यांना येतात. रुसणाऱ्याने घरी निघून जायचं नसतं. तसं केलं तर तो भांडखोर ठरतो. मांडवात बसूनही राहायचं नसतं. त्याने प्लॅस्टिकची एक खुर्ची घेऊन फाटकाजवळ अशा बेताने बसायचं असतं की भटारखान्यातूनही दिसला पाहिजे आणि स्टेजवरूनही. तोंड रस्त्याकडे, कान मांडवाकडे. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९०२ मध्ये सांगून ठेवलं आहे की माणूस स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांच्या आरशात पाहतो. कूलीने अकोल्याचं लग्न पाहिलं नव्हतं, पण रुसलेला जावई मान न वळवता, डोळ्याच्या फक्त कोपऱ्याने, आपल्याकडे कोण कोण येतंय याची जी मोजदाद ठेवतो, ती पाहिली असती तर त्याचं पुस्तक निम्म्या पानांत संपलं असतं. कोणी पाहणारं नसेल तिथे आजवर कोणी रुसलेलं नाही. बंद खोलीत एकटा बसलेला जावई रुसलेला नसतो, झोपलेला असतो.

मग मनधरणी. तीही तीन फेऱ्यांची. पहिल्या फेरीला नवरीचा धाकटा भाऊ येतो, कारण वाया घालवायला तोच सापडतो. "चाला ना भाऊजी, चार घास खाऊन घ्या." "मले भूक नाई." दुसऱ्या फेरीला सासरा स्वतः. "पोट्ट्यायचं चुकलं बापू, पदरात घ्या." "माह्यं काई म्हननंच नाई." ज्या माणसाचं काहीच म्हणणं नाही, त्याच्यापायी दीडशे पानं वाढून ठेवलेली असतात आणि बुंदीवर माशा घोंघावत असतात. तिसऱ्या फेरीला घरातला सगळ्यात म्हातारा माणूस काठी टेकत येतो. "माह्या या पांढऱ्या केसायची तरी लाज राखा." आणि जावई उठतो. "तुमी आले म्हनून उठून रायलो, नाई तं..." या 'नाई तं'च्या पुढचं वाक्य वऱ्हाडात आजवर कोणी पुरं केलेलं नाही, आणि पुरं कर म्हणून कोणी आग्रहही धरलेला नाही. आता जरा विचार करा. पहिल्याच हाकेला जावई उठला तर? सासरचे खूश होतील हा गैरसमज आहे. ते हादरतील. "काई खरं दिसत नाई, लगेच उठले," असं म्हणत रात्रभर कोणाला झोप येणार नाही. आणि तिसऱ्या हाकेलाही उठला नाही, तर सगळा गाव सासऱ्याच्या बाजूने होईल. किती रुसायचं हे जावई ठरवत नाही, गाव ठरवतं. त्याच्या हाती फक्त खुर्ची कुठे टाकायची एवढंच.

इथे शहाणे लोक हरकत घेतात. म्हणतात, कसली भूमिका न कसलं काय, तो माणूसच तिरसट. स्वभावाला औषध नाही. ही हरकत सोपी आहे आणि म्हणूनच चुकीची आहे. वऱ्हाडात लग्नाच्या तिथी थोड्या आणि सोयरे फार, त्यामुळे एकाच माणसाला एकाच आठवड्यात दोन लग्नं करावी लागतात. मंगळवारी अमरावतीला तो नवरीचा काका असतो. खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याचा जग, कंबर जन्मजात वाकलेली असावी असं वाटायला लावणारी चाल, आणि तोंडात एकच वाक्य, "काई कमी-जास्त झालं तं सांभाळून घ्या." शुक्रवारी अकोल्याला हाच माणूस नवरदेवाचा मामा असतो. कंबर सरळ होते, आवाज खाली उतरतो, आणि तो आलू-वांग्याच्या भाजीत बोट बुडवून जाहीर करतो, "मीठ कमी हाये." माणूस तोच, रक्तदाब तोच, बहुधा धुवून इस्त्री केलेला सदराही तोच. मंगळवार ते शुक्रवार या तीन दिवसांत कोणाचा स्वभाव बदलत नाही. बदलली ती बाजू. प्रयोगशाळेत हजारो डॉलर खर्चून जे सिद्ध करायला जातात, ते इथे आहेराच्या एकशे एक रुपयांत सिद्ध होतं, वर जेवण मिळतं.

मग हे निव्वळ नाटक झालं, असंही म्हणतात. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने तर सगळं जीवनच रंगमंच मानलं. त्याचं १९५६ चं पुस्तक त्याने शेटलंड बेटांवर मुक्काम करून जमवलेल्या निरीक्षणांवर उभं आहे. तिथल्या हॉटेलात स्वयंपाकघराचं दार ओलांडलं की वाढणाऱ्यांचे चेहरे कसे बदलतात, हे त्याने टिपून ठेवलं. एवढ्या दूर थंडीत जायची गरज नव्हती. भटारखाना आणि मांडव यांच्यामध्ये जो कापडी पडदा असतो, त्याच्याजवळ त्याने नवरीच्या बापाला पाहायला हवं होतं. पडद्याच्या आत "बुंदी संपली? आता कोनाले तोंड दाखवू बाप्पा!" आणि पडद्याच्या बाहेर, त्याच श्वासात, "सावकाश होऊ द्या पाव्हने, काई घाई नाई!" पण नाटक म्हणजे खोटं, ही समजूत गॉफमनचीही नव्हती. नट आपल्याच भूमिकेत पुरता बुडू शकतो, हे त्याने मान्य केलं होतं. जावयाचा रुसवा खोटा म्हणावा, तर त्याच्या पोटात कावळे खरेच कोकलत असतात. सासऱ्याची अजिजी खोटी म्हणावी, तर त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं असतं. कोणाला फसवायचा कोणाचा इरादा नसताना दोनशे माणसं मिळून जे करतात, त्याला नाटक म्हणणं नाटकवाल्यांवर अन्याय आहे. त्यांना तालीम करावी लागते.

समाजाचा दाब केवढा असतो हे पाहायचं तर अंगावरचे कपडे पाहावेत. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय दुपारी शहाणा माणूस बाहेर पडत नाही, डांबर चपलेला चिकटतं. या हवेत एक धडधाकट तरुण जाड अस्तराची, जरीकाम केलेली शेरवानी घालतो, गळ्यात नोटांचा हार घालतो, आणि पेटलेल्या दिव्यांच्या दोन रांगांमधून घोड्यावर बसून हळूहळू फिरतो. त्याच्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नसते. मानसशास्त्राने याचा खुलासा करू जावं तर त्या तरुणाला थेट दवाखान्यातच न्यावं लागेल. एमिल दुरखाइमने १८९५ मध्ये लिहिलं की समाजाच्या रीती व्यक्तीच्या बाहेर असतात आणि तिला वाकवतात. अंगवळणी पडल्यामुळे ती जबरदस्ती जाणवत नाही इतकंच. नवरदेवाला ती जाणवत असणारच, पण विचारलं तर तो म्हणतो, "एकच डाव तं असते ना भाऊ!" आणि मांडवात जो कूलर लावलेला असतो, तो तर समाजरचनेचा नकाशाच. पत्र्याचा, माणसाएवढा, घरघर करत पाणी शिंपडणारा जंबो कूलर वरपक्षाच्या सोफ्यासमोर. सोफ्याच्या मागे आमदारांसाठी राखलेली रांग. वधूपक्षाकडे त्या कूलरची पाठ असते, म्हणजे गार हवा तिकडे जाते आणि इकडे नुसती घरघर येते. कोणी कोणासमोर किती वाकायचं हे कळायला सोयरीक विचारायची गरज नाही, कोणाच्या कपाळावर किती घाम आहे ते पाहावं.

इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात दाखवलं की उत्तरेत मुलगी देणारे खालचे आणि घेणारे वरचे, ही दरी मोठी असते. दक्षिणेत नात्यातल्या नात्यात लग्नं होत असल्याने ती कमी होते. महाराष्ट्र मध्ये लोंबकळतो. या लोंबकळण्याचा पुरावा रुसव्यात सापडतो. मामाची मुलगी केलेला जावई बघा. त्याला रुसताच येत नाही. तो फाटकाजवळ खुर्ची टाकतो, आणि सासरा, म्हणजेच मामा, लांबूनच ओरडतो, "ऊठ बे, शेंबूड पुसला हाये म्या तुवा!" संपला कार्यक्रम. भाचा आणि जावई या दोन भूमिका एकाच अंगावर आल्या की जुनी नवीला मोडीत काढते. रुसवा जर स्वभावातून येत असता, तर तो मामापुढेही टिकला असता.

बायकांचा रुसवा हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, पण त्यातली एक गोष्ट इथे मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण हा सगळा खेळ पिढ्यानपिढ्या का चालतो याचं उत्तर तिथे आहे. लग्नात सगळ्यांत कडक रुसते ती ईन, म्हणजे विहीणबाई, आणि तेही लुगड्याच्या काठावरून. "आमाले असाच बारीक काठ चालते म्हना," एवढं बोलते आणि तोंड फिरवते. ही बाई तीस वर्षांपूर्वी नवरी होती. तेव्हा मांडवात सगळ्यांत मोठं कारण तिच्याकडे होतं. घर, गाव, आडनाव एका रात्रीत बदललं होतं. पण तिला रुसायचा हक्क नव्हता, फक्त रडायचा होता, आणि तोही पाठवणीच्या वेळीच. पुढे सून म्हणून, भावजय म्हणून, काकू म्हणून ती वाट पाहत राहिली. आज तिची पाळी आली, तर तिने मुद्दल सोडावं का व्याज? परंपरा टिकते ती लोक अडाणी आहेत म्हणून नाही. रांगेत उभं राहून ज्याने उन्हात तीस वर्षं काढली, त्याला खिडकीपाशी पोहोचल्यावर रांगच बंद करा म्हणणं जिवावर येतं. (हुंड्याची गोष्ट इथे मुद्दाम आणलेली नाही. तो विनोदाचा विषय नव्हे, त्यासाठी १९६१ चा कायदा आहे. रुसव्याला कायदा नाही, म्हणून त्याला लेख.)

काळ बदलला, आता बुफे आलं, इव्हेंटवाले आले, आता कोण रुसतं, असं कोणी म्हणेल. खुर्चीवर बसणारा बदलला एवढंच. पूर्वी मांडवात मामाचा हुकूम चालायचा, आता फोटोवाल्याचा चालतो. अंतरपाट धरलेला असताना तो भटजींना "गुरुजी, जरा साइडला" म्हणतो आणि गुरुजी होतात. पाठवणीला बापाच्या गळ्यात पडलेल्या नवरीला तो सांगतो, "वहिनी, थोडं इकडं पाहून रडा," आणि ती बिचारी इकडं पाहून रडते. बुफेमुळे पंगत गेली, पण 'आम्हाला प्लेट आणून कोणी दिली नाही' हे नवं कारण आलं.

सगळ्यांत दणकट हरकत वेगळीच आहे. डेनिस राँग या समाजशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये आपल्याच मंडळींना खडसावलं की तुम्ही माणसाला इतका सामाजिक करून टाकलात की त्याच्यात माणूसच उरला नाही. जो समाजाने सांगितलेली भूमिका सोडून देतो, त्याचं काय? आणि हे विचारायला अमरावती जिल्ह्याइतकी सोयीची जागा नाही. शेंडगावच्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांनी मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचं जेवण घातलं, जातभाईंना ते रुचलं नाही, आणि पुढे १९०५ मध्ये तो माणूस घरातूनच निघाला, हातात गाडगं आणि खराटा घेऊन. गाडगेबाबा झालेल्या या माणसाने गुरूची भूमिका नाकारली, महाराजाची नाकारली, पाया पडायला येणाऱ्यावर काठी उगारली. पण समाज चिवट. लोक पाया पडायचे थांबले नाहीत. ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही त्यांच्या नावाचं विद्यापीठ झालं, २००० साली त्यांच्या नावाने सरकारी स्वच्छता अभियान सुरू झालं, आणि पुढाऱ्यांना एक नवी भूमिका मिळाली: आदल्या रात्री झाडून ठेवलेल्या चौकात, कोऱ्या खराट्याने, कॅमेऱ्याकडे तोंड करून झाडायचं. तिकडे गुरुकुंज मोझरीहून तुकडोजी महाराजांनी साधी लग्नं करा म्हणून जन्मभर सांगितलं. लोकांनी ते मनापासून ऐकलं, आणि त्यांची तसबीर मांडवात, दोन जंबो कूलरांच्या मधोमध, हार घालून लावली.

तरीही हरकत उरतेच. भूमिका मोडता येते, आणि वऱ्हाडातलं सगळ्यांत गाजलेलं लग्न याच मोडण्याचं आहे. वर्धेच्या काठचं कौंडिण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. नवरदेव ठरलेला, शिशुपाल. वऱ्हाड येऊन उतरलेलं. आणि नवरीने निरोप धाडून कृष्णाला बोलावून घेतलं. झालं की बंड! मात्र तिने वेळ कोणती कळवली ते पाहावं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीने कुळाच्या देवीला जायचं असतं, तीच वेळ. ते देऊळ म्हणजे अमरावतीचं अंबादेवी मंदिर, असं इथले लोक मानतात. म्हणजे नवरीपण झुगारण्यासाठी तिला नवरीच्याच रीतीचा आडोसा घ्यावा लागला. रीत नसती तर ती घराबाहेर कशी पडली असती? भूमिकेच्या बाहेर जायची वाट भूमिकेच्या आतूनच निघते, असा प्रस्तुत लेखकाचा दावा आहे, आणि तो हा दावा जाणकाराच्या भूमिकेतून करत असल्याने वाचकांनी तो तिसऱ्या आग्रहानंतरच मान्य करावा.

पण त्या लग्नात खरी भूमिका वठवली ती नवरीच्या भावाने, रुक्मीने. तो रथामागे धावला, हरला, कृष्णाने दाढी-मिशी भादरून त्याला सोडून दिलं. बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाय ठेवणार नाही, असं तो निघतानाच बोलून बसला होता. मग त्याने काय करावं? घरी जाता येत नाही, मांडवात येता येत नाही. त्याने वाटेतच खुर्ची टाकली. पुराणं सांगतात, तो तिथेच राहिला आणि त्याने भोजकट नावाचं नगर वसवलं. ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळचं भातकुली, असं इकडे मानतात. तीन फेऱ्यांची मनधरणी करायला तेव्हा कोणी गेलं नाही, त्याचा हा परिणाम. आज तिथे तालुका आहे.